दोन तृतीयांश धरा

नोकरीच्या पहिल्याच दिवशी बजेटच्या साहेबांनी मला विचारलं, “बाई, पगार किती धरलाय?”

मला पुण्याहून दुबईला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, “धरलाय म्हणजे? ऑफर लेटरमध्ये चोवीसशे दिरहम लिहिलेत. साडेआठनं धरले तर वीस हजार चारशे रुपये.”

“ते लिहिलेले झाले. तुम्ही धरलेत किती?”

“चोवीसशेच की.”

“सोळाशे धरा,” ते म्हणाले. “दोन तृतीयांश. संसार सोळाशेत बसवा. वरचे आले तर जिलबी खा. आणि आत्ता रुपयांत गुणाकार केलात, त्याचे पंचवीस फिल्स त्या डब्यात टाका.”

टेबलावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. झाकणाला चीर पाडलेली आणि वर कागद चिकटवलेला, ‘गुणाकार-कर’. दिरहमचे रुपये मोठ्यानं करून दाखवणाऱ्या प्रत्येकाला दर वेळी पंचवीस फिल्स, म्हणजे पाव दिरहम, दंड. त्या काळात दुबईत नव्यानं आलेला मराठी माणूस टोमॅटो घेतानाही साडेआठनं गुणायचा, त्यामुळे डबा कधी रिकामा राहिला नाही. दर जानेवारीत ते या कराचाही अंदाज मांडत. म्हणत, “यंदा एकशे दहा दिरहम.” वर्षाअखेर एकशे साठ-सत्तर निघत आणि त्यातून पाडव्याला खालच्या किचनला श्रीखंड मिळे. मी पहिल्या वर्षी एकटीनं चाळीस दिरहम भरले. किती रुपये झाले ते मी कुणाला सांगितलं नाही.

आमची कंपनी जेवण पुरवायची. ऑफिसांना दुपारचे डबे आणि मजुरांच्या कॅम्पांना दोन वेळचं. रास अल खोरला एका मोठ्या गोदामात खाली किचन होतं आणि लोखंडी जिन्यानं वर गेलं की आमचं ऑफिस. दिवसभर फोडणीचा वास. माझ्या लेजरच्या पानांनाही हिंगाचा वास यायचा. मालक सांगलीकडचे, मोठ्या मनाचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. आणि हे आमचे बजेटचे साहेब. वय साठीला टेकलेलं, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, केस तेल लावून चापून बसवलेले. मी त्यांना काका म्हणायला लागले तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितलं, “काका घरी. इथे एस्टिमेट्स.” मी काकाच म्हणत राहिले. त्यांनी माझ्या आज्ञाधारकपणाचाही अंदाज कमीच धरला असावा.

येणारं सगळं कमी धरायचं आणि जाणारं सगळं जास्त, हा त्यांचा धर्म होता. लिफ्टवर आठ माणसं लिहिलं असेल तर पाचवा माणूस आत आला की हे बाहेर पडत. विमानतळावर ते चार तास आधी जात, आणि विमान तीन तास उशिरा सुटेल असं धरून डबा सोबत नेत. एकदा आमच्याकडे जेवायला आले. माझी मुलगी तेव्हा ऊद मेथाच्या शाळेत दुसरीत होती. मी तिला विचारलं, “किती पोळ्या वाढू?” ती म्हणाली, “टू, मम्मा.” काका लगेच मला म्हणाले, “एक करा. दुसरी टाकून देईल.” आणि खरंच, तिनं दीड खाल्ली नि अर्धी ताटाखाली सरकवली. काकांनी ते पाहिलं आणि त्या दिवशी त्यांची भूक वाढली.

त्यांची खरी करामत मात्र ‘इन्शाल्ला’मध्ये होती. गिऱ्हाइकाचा फोन झाला की सेल्स मॅनेजर उड्या मारत येई, “सर, पेमेंट आ रहा है, इन्शाल्ला बोला है!” काका पेन्सिल उचलत आणि विचारत, “कसं बोलला? नुसतं इन्शाल्ला की बुकरा इन्शाल्ला?” नुसतं इन्शाल्ला म्हणजे चाळीस टक्के. बुकरा, म्हणजे उद्या, इन्शाल्ला म्हटलं तर पंचवीस. आधी एकदा हबीबी म्हटलं असेल तर वीस, दोनदा म्हटलं तर दहा. चेक लिहून दाखवला तर साठ. चेक बँकेत वटला तर नव्वद.

“वटल्यावर तरी शंभर धरा की,” मी म्हणायची.

“शंभर नसतं,” ते म्हणत. “बाई, ट्रेझरीत शंभर कधीच नसतं.”

हा तक्ता खाली किचनमध्येही पाठ होता. पोळ्यांच्या भट्टीवरचे सदूभाऊ रजेचा अर्ज घेऊन वर आले की मला हळूच विचारत, “ताई, साहेब काय म्हनले? चाळीस का धा?” सदूभाऊ चिपळूणकडचे. पोळी विभागात नऊ माणसं होती आणि हे त्यांचे मुकादम. बारा वर्षं तिथेच होते. त्यांच्या थोरल्या मुलीनं रत्नागिरीला नर्सिंगला प्रवेश घेतला होता आणि तिचा फोटो त्यांनी पिठाच्या डब्यावर आतल्या बाजूनं चिकटवला होता. झाकण उघडलं की पीठ आणि मुलगी दोन्ही दिसायचं.

ट्रेझरी म्हणजे कुठली, हे मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी एक बंदर आहे. पूर्वी ती इंग्रजांची वसाहत होती. नकाशात त्याचं नाव सापडतं, पण ते नुसतं ‘बंदर’ म्हणत, म्हणून मीही तेवढंच म्हणते. त्यांचे वडील राजापूरहून तिथे कारकुनीला गेले. हे तिथेच जन्मले आणि एकोणिसाव्या वर्षी सरकारी खजिन्याच्या अंदाजपत्रक शाखेत चिकटले. काम एकच, पुढच्या वर्षी सरकारला किती पैसा येईल ते मांडायचं. बंदराची पट्टी, म्हणजे येणाऱ्या जहाजांवरचा कर, किती, दारू-तंबाखूवरचा कर किती, मिठागरांचं भाडं किती. बंदराच्या पट्टीसाठी हे रोज सकाळी गच्चीवर जाऊन जहाजं मोजत. आमच्याकडे समुद्र नव्हता, म्हणून ते ऑफिसच्या खिडकीत उभे राहून शेजारच्या गोदामांतून सुटणारे ट्रक मोजत. सिमेंटचे इतके, सळ्यांचे इतके. ट्रक कमी म्हणजे साइटवर काम कमी, काम कमी म्हणजे मजूर कमी, मजूर कमी म्हणजे आपले डबे कमी. सेल्स मॅनेजर हसायचा. पण दोन महिन्यांनी डबे कमी व्हायचे.

त्यांच्या खिशाला कायम एक हिरवं फाउंटन पेन असे, सोनेरी क्लिपचं. त्यानं लिहिताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. सगळं काम पेन्सिलीनं. एकदा मी विचारलं, “काका, पेन भरत का नाही?”

“अंदाज पेन्सिलीनंच लिहायचा असतो,” ते म्हणाले.

उत्तर त्यांना शोभणारं होतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही. चूक माझी. उत्तर फार चपखल बसलं की त्यामागे काहीतरी झाकलेलं असतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आता त्या वर्षाची गोष्ट. डिसेंबर होता, सत्त्याण्णव सालचा. पुढच्या वर्षाचं बजेट करायचं होतं आणि काकांनी जमेची बाजू पहिल्यांदाच माझ्यावर सोपवली होती. मी तीन दिवस खपून सुबक तक्ता केला. बारा महिने, बारा आकडे, प्रत्येकी दोन तृतीयांश. गुरूचंच तंत्र, मला वाटलं पाठ थोपटतील.

त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, “पुढच्या वर्षात रमजान किती?”

“एक.”

“भिंतीवर बघा.”

त्यांच्या मागे तीन कॅलेंडरं होती. एक इंग्रजी, एक आपलं पंचांगाचं आणि एक हिजरी. मी उठून पाहिलं. जानेवारी जवळजवळ सबंध रमजानात जात होता. आणि चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या सुमाराला दुसरा रमजान त्याच वर्षात येऊन दारात उभा होता. रमजानात ऑफिसांचे दुपारचे डबे बंद. जुलै-ऑगस्टमध्ये सगळी कुटुंबं गावी, तेव्हाही निम्मे डबे बंद. मी पुण्याच्या वर्षानं दुबईचं बजेट केलं होतं.

“दीड रमजान धरा,” ते म्हणाले. “इथलं वर्ष नऊ महिन्यांचं असतं. यंदाचं साडेआठ.”

मी मुकाट्यानं तक्ता पुन्हा केला. जमा इतकी खाली आली की वर्ष तोट्यात गेलं. पण मालकांना त्याची फिकीर नव्हती, कारण त्यांच्या खिशात एक मोठी बातमी होती. एक बांधकाम कंपनी नव्या इन्व्हेस्टमेंट पार्ककडे मजुरांचा कॅम्प उभारत होती. रोज तीन हजार जेवणं, एप्रिलपासून. तिच्या मॅनेजरनं मालकांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, “हबीबी, हबीबी, फ्रॉम एप्रिल, इन्शाल्ला.”

काकांनी त्या ओळीवर पेन्सिलीनं शून्य काढलं.

मालक तिथल्या तिथे उसळले. “अहो शून्य काय? तीन हजार जेवणं आहेत ती! दोन तृतीयांश धरा, निम्मी धरा, पण शून्य?”

“हबीबी दोनदा म्हणाला,” काका म्हणाले. “दहा टक्के. आणि कॅम्पकडे सिमेंटचा ट्रक तीन आठवडे गेलेला नाही. म्हणून शून्य.”

“सर, ये तो डन डील है,” सेल्स मॅनेजर म्हणाला.

“कागद दाखवा, चाळीस धरतो.”

कागद नव्हता. मालकांचा चेहरा तांबडा झाला. ते खुर्चीत मागे रेलले आणि शांतपणे बोलले. मालक शांत बोलले की मला भीती वाटायची.

“ठीक आहे. तुमचा आकडा धरला. चाळीस वर्षांचा अनुभव तुमचा, मी कोण? पण मग बजेट बसवून दाखवा. पोळी विभागाची नऊ माणसं कमी करा. बेकरीतून अरबी रोटी, खुबुस घेऊ, निम्म्या भावात येतो. पगार वाचले, व्हिसा वाचले, दोन खोल्यांचं भाडं वाचलं. बसतं का?”

काकांनी मनात बेरीज केली. “बसतं,” ते म्हणाले.

“मग पत्रं तुम्हीच तयार करा. सोमवारी सही करतो.”

बजेट बसत होतं, आणि ते काकांच्याच शून्यामुळे बसवावं लागत होतं. शून्याऐवजी तीन हजारातले हजार जरी त्यांनी धरले असते तरी ती नऊ माणसं कागदावर वाचली असती. मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि स्पष्ट बोलले. मला राग आला होता. “काका, एक आकडा बदला. पेन्सिलीनंच तर लिहिलाय.”

“आणि एप्रिलात जेवणं आली नाहीत तर?”

“तेव्हाचं तेव्हा.”

“तेव्हा नऊ नाही जाणार. कंपनी जाईल. साठ माणसं.”

ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

बातमी जिन्यावरून खाली जायला किती वेळ लागतो? चार वाजता सदूभाऊ हात पुसत वर आले. काकांच्या टेबलापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, खरं काय ते सांगा. पोरीचं अजून दीड वर्ष ऱ्हायलंय. काय व्हईल का आमचं?”

मी काकांकडे पाहत होते. इथे कुणीही तोंडात येईल ते बोललं असतं. होईल, बघू, देव आहे, इन्शाल्ला. काकांचा हात खिशातल्या पेनावर गेला.

“सदूभाऊ,” ते शेवटी म्हणाले, “आज मला माहीत नाही. सोमवारी सांगतो. गोड बोलणार नाही.”

सदूभाऊ मान हलवून गेले. काका उठून खिडकीत जाऊन उभे राहिले, पण ट्रक मोजत नव्हते. मी चहा नेऊन ठेवला तेव्हा आपणहून बोलायला लागले.

ट्रेझरीतलं त्यांचं दुसरं वर्ष. जुन्या हेडक्लार्कनं बंदराची पट्टी आदल्या वर्षीएवढी धरली होती. आणि सुएझचा कालवा बंद पडला. महिनोन्महिने जहाज नाही. धक्क्यावर कुत्री झोपलेली. पगाराला पैसे कर्जानं आणावे लागले. तेव्हा त्यांच्या इंग्रज साहेबानं दंडक घातला, की समोर दिसेल तेवढंच जहाज मोजायचं. त्यानंतर दोन वर्षांनी बंदराच्या पट्टीचा अंदाज काकांकडे आला. त्यांनी तो खाली धरला. मग भीती वाटली म्हणून आणखी खाली. “इतका खाली, की मला लिहिताना लाज वाटली,” ते म्हणाले. “पण साहेब खूश.”

खर्चाशी मेळ बसेना. काकांनी टिपणात सुचवलं, विलायती दारूच्या बाटलीवर एक शिलिंग कर वाढवा. साहेबानं लाल पेन्सिलीनं ती ओळ खोडली. क्लबातल्या लोकांना संध्याकाळी तोंड दाखवायचं होतं त्याला. त्याऐवजी त्यानं कोळीवस्तीच्या दवाखान्यातल्या सहा दाया कमी केल्या. बजेट बसलं.

“त्यातली एक मरियम,” काका म्हणाले. “आमचा थोरला तिच्या हातांवर जन्मला. ती घरी आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, तू खजिन्यात आहेस, तुला माहीत असेल. परत बोलावतील ना? मला माहीत होतं, बोलावणार नाहीत. मीच तर कागद टाइप केला होता. आणि मी म्हटलं, इन्शाल्ला.”

चहावर साय धरली होती. त्यांनी ती बोटानं बाजूला केली.

“ती वाट बघत राहिली, बाई. दोन महिने येऊन विचारायची. मग गावी गेली, पुढे कळलं नाही. आणि मार्चमध्ये बंदरात जहाजांना जागा पुरेना. पट्टी इतकी जमली की त्या सहा दायांना कितीतरी वर्षं पोसता आलं असतं. साहेबानं सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. आणि हे दिलं.” त्यांनी खिशातलं हिरवं पेन वर करून दाखवलं आणि परत ठेवलं. “यात शाई कधी भरली नाही. टाकूनही दिलं नाही.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांना माझं रडणं अडचणीचं वाटलं असावं. म्हणाले, “तक्ता आणा. कर लावायचा राहिलाय.”

पुढचे दोन दिवस आम्ही दोघं बसलो. तत्त्व त्यांचं एकच, ज्याची भाकरी पक्की आहे त्याच्यावर कर. ऑफिसातले सगळे पगार आम्ही उतरत्या क्रमानं मांडले. चार हजारांवरच्या पगाराला इतके टक्के, आठ हजारांवरच्या पगाराला तितके. ऑफिसवाल्यांचं वर्षाचं विमानाचं तिकीट रद्द. सेल्स मॅनेजरचं पेट्रोल निम्मं. मालकांची येऊ घातलेली नवी पांढरी गाडी एक वर्ष पुढे. स्वतःवर त्यांनी दीड महिन्याचा पगार लावला. आणि मग माझं नाव आलं.

“काका, त्या तिकिटाच्या पैशांत मी आईला आणणार होते. मार्चमध्ये. तिला सांगूनही झालंय.”

“पुढच्या मार्चमध्ये आणा.”

“तिचं वय बघा. पुढचा मार्च किती टक्के?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझाच वार होता आणि त्यांच्याच शस्त्रानं. “नव्वद,” ते म्हणाले. “पण तुम्ही नाही म्हणालात तर ती ओळ मी खोडतो. माझा अर्धा महिना आणखी घालतो.”

मी नाही म्हणू शकले असते. दोन दिवस सदूभाऊंशी नजर मिळवत नव्हते, ते कसं चालू ठेवलं असतं? मी पेन्सिल घेतली आणि माझ्या नावापुढे आकडा मीच लिहिला. घरी नवऱ्याशी भांडण झालं ते वेगळं.

सोमवार उजाडला. काका बजेट नेहमी उभं राहून वाचत, शर्टाचं वरचं बटण लावून. “सर, आय हॅव द ऑनर टू सबमिट द एस्टिमेट्स,” अशी सुरुवात. एरवी मालक तेवढ्यात दोन फोन उरकून घेत. त्या दिवशी फोन बाजूला ठेवून ऐकत होते. जमा, दीड रमजान, शून्य. खर्च, पोळी विभाग नऊ माणसं कायम. मग कर. स्वतःच्या गाडीपाशी आले तसे मालक खुर्चीतून अर्धे उठले.

“माझ्या गाडीवर कर? माझ्या कंपनीत?”

“एकदा दारूवर लावायचा राहिला,” काका म्हणाले. “म्हणून गाडीवर लावतोय.”

मालकांना काही कळलं नाही. “हे बघा,” ते म्हणाले, “मी पत्रं करायला सांगितली होती.”

“केली आहेत.” काकांनी नऊ पत्रं टेबलावर ठेवली. टाइप केलेली, सहीची जागा रिकामी. “दोन्ही बजेटं बसतात. सही कुठल्यावर करायची ते तुम्ही ठरवा.”

घड्याळात एक वाजला होता. मालकांचं जेवण रोज एकला खालून वर येई. काकांनी दाराकडे पाहून मान हलवली आणि मुदपाकातला माणूस ट्रे ठेवून गेला. वरण, भात, वांग्याची भाजी. आणि पोळ्यांच्या जागी प्लास्टिकच्या पिशवीत एक खुबुस.

मालकांनी पिशवीकडे पाहिलं. “हे काय?”

“नव्या वर्षापासून हेच येणार, मालक. सवय आजपासून करावी. मीही तेच मागवलंय.”

मालकांनी एक तुकडा तोडला आणि वांग्यात बुडवला. आमच्या मालकांनी दुबईत दोन गोदामं घेतली, कोर्टकचेऱ्या केल्या, पण दुपारची घडीची पोळी त्यांनी कधी सोडली नव्हती. लग्नाच्या मेजवान्यांनाही डबा घेऊन जात. तो घास ते चावत राहिले, चावत राहिले. सेल्स मॅनेजर छताकडे पाहत होता. मला हसू फुटत होतं आणि भीतीही वाटत होती.

मग त्यांनी ताट लोटलं आणि जिन्याकडे तोंड करून इमारत हलेल असा आवाज दिला, “सदू! पोळ्या आण!”

सदूभाऊ पोळ्या घेऊन वर आले, तेव्हा ती नऊ पत्रं टेबलावरच होती. सगळ्यात वर त्यांचंच नाव. त्यांनी ते वाचलं. ताट पत्रांना धक्का लागणार नाही असं कडेला ठेवलं. मालकांनी ते पाहिलं. पत्रं उचलली, फाडली आणि खुबुसाच्या पिशवीत कोंबली. “यल्ला, चला,” काकांना म्हणाले, “आणा तुमचा तो कर. पण जेवणं आली की माझी गाडी पहिली.”

जेवणं आली नाहीत. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये दोन ओळींचा फॅक्स आला, कॅम्पचं काम खलास. मालक तो फॅक्स घेऊन काकांच्या टेबलापाशी आले, ठेवला आणि गेले. काका तेव्हाही म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं. मी मात्र सेल्स मॅनेजरला तीनदा सांगितलं.

वर्षाअखेर हातात थोडं उरलं. काकांनी आम्हाला कराची परतफेड शून्य धरायला सांगितली होती. प्रत्यक्षात दोन तृतीयांश परत मिळाली. फेब्रुवारीत माझी आई आली, ठणठणीत, आणि पहिल्याच दिवशी भाजीवाल्यापुढे मोठ्यानं, तोवर वाढलेल्या भावानं, साडेअकरानं गुणायला लागली. तिचे पंचवीस फिल्स मी डब्यात टाकले.

पण त्याआधी, अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात, परतफेडीच्या तक्त्यावर सह्या झाल्या त्या दुपारी काकांनी कपाटातून शाईची बाटली काढली. देऱ्याच्या बाजारातून आणलेली, नवी. हिरवं पेन उघडलं आणि भरलं. लिहायला गेले तर काही उमटेना. चाळीस वर्षांत आतलं सगळं घट्ट बसलं होतं. झटकलं, कागदावर घासलं, काही नाही. त्यांचा चेहरा पडला आणि त्यांनी पेन्सिल उचलली.

हिशेबाला आलेले सदूभाऊ उभे होते. म्हणाले, “द्या हिकडं.” पेन घेऊन खाली गेले. कोमट पाण्याच्या वाटीत अर्धा तास ठेवलं, दोनदा पाणी बदललं, फडक्यानं पुसलं आणि वर आणून दिलं. काकांनी पुन्हा शाई भरली. पुढच्या वर्षाचा तक्ता ओढला. पोळी विभाग, माणसं. त्यापुढे निळ्या शाईत लिहिलं, नऊ. सबंध कागदावर बाकी सगळं पेन्सिलीचं.

सदूभाऊंना मस्करी सुचली. डोळे ओले होते तरी. “साहेब, ह्ये किती टक्के धरायचं?”

“शाई आहे,” काका खेकसले. “दिसत नाही?”

त्यानंतर ते आणखी दोन-अडीच वर्षं होते. पासष्ट झाल्यावर व्हिसा संपला आणि ते राजापूरला निघाले. सदूभाऊंची मुलगी तोवर चिपळूणच्या दवाखान्यात नोकरीला लागली होती, बाळंतपणांच्या वॉर्डात. हे कळलं तेव्हा काकांनी मला तेच वाक्य दोनदा सांगायला लावलं होतं. विमान रात्रीचं होतं, म्हणून ते दुपारीच निघाले. गुणाकार-कराचा डबा आणि पेन्सिली मला दिल्या. टॅक्सीत बसताना मी पाहिलं, पांढऱ्या शर्टाच्या खिशाखाली तळहाताएवढा निळा डाग पसरला होता.

“काका, पेन गळतंय. शर्ट गेला तुमचा.”

त्यांनी मान खाली करून डाग बघितला. एवढा जपून चालणारा माणूस, मला वाटलं आता हळहळेल. त्यांनी पेन काढलं नाही, नुसतं सरळ केलं.

“गळू दे,” म्हणाले. “भरलेलं आहे.”